अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली

गोंदिया-आमगाव रस्त्यावरच्या एका राईस मिलमध्ये पावसाळ्यात वीज कडाडली आणि चार्जरला लावलेला लॅपटॉप गेला. बोर्ड जळला होता. नागपूरहून दुसरा बोर्ड आणून बसवला, लॅपटॉप सुरू झाला, पण नेहमीच्या चित्राऐवजी निळा पडदा आला. वर लिहिलेलं ‘बिटलॉकर रिकव्हरी’, खाली एक लांब रिकामी चौकट. तिच्यात अठ्ठेचाळीस आकडे टाका म्हणे. धानाची खरेदी, भरडाई, बारदाना, हमाली, सगळा हिशेब त्याच लॅपटॉपमधल्या टॅलीत होता. दुरुस्ती करणाऱ्या मुलाने सांगितलं, डेटा विसरा, फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो. मिलच्या दिवाणजींनी मला फोन केला तेव्हा त्या मुलाचा पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लागलेलाही होता.

मी एवढंच म्हणालो, “दिवाणजी, तो पेन ड्राइव्ह आधी काढायला लावा. पडद्याचा फोटो काढा आणि मशीन बंद करून ठेवा.”

हिशेब शेवटी सापडला. कसा, ते पुढे येईलच. पण त्या दिवशी फोन दहा मिनिटं उशिरा आला असता तर तो कायमचा पुसला गेला असता, आणि पुसणाऱ्याला आपण मदतच केली असं वाटलं असतं. असे लॅपटॉप आता गावोगाव आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो.

आधी हे कुलूप काय आहे ते समजून घेऊ. विंडोज उघडताना आपण जो पिन टाकतो तो नुसता दारावरचा पहारा. बिटलॉकर त्याच्या फार आतलं आहे. डिस्कवरचं प्रत्येक अक्षर ते अशा रीतीने गुंतवून ठेवतं की किल्लीशिवाय डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली तरी काही वाचता येत नाही. रोज आपल्याला ही किल्ली कोणी मागत नाही, कारण मदरबोर्डवरची टीपीएम नावाची चिप ती परस्पर देते. मात्र देण्याआधी ती बघते की मशीन कालचंच आहे ना. बोर्ड बदलला, बायोस अपडेट झालं, सिक्युअर बूटची सेटिंग कोणी चालू-बंद केली, की चिप हात आखडता घेते आणि किल्ली तुम्हाला मागते. मिलच्या लॅपटॉपमध्ये तर चिपच जळलेल्या बोर्डाबरोबर गेली होती.

‘आम्ही असलं काही लावलंच नव्हतं’ असं जवळजवळ प्रत्येकजण म्हणतो, आणि ते खरंच असतं. बिटलॉकर २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर आलं तेव्हा ते मोठ्या कार्यालयांसाठी होतं. विंडोज ८.१ पासून काही घरगुती मशीनवर ते आपोआप लागू लागलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती आली, तिने या आपोआप लागण्याच्या अटी आणखी सैल केल्या. त्यामुळे आज नवा लॅपटॉप घेऊन मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केला, की बहुधा कुलूप लागलेलंच असतं. चोराच्या हाती लॅपटॉप पडला तर तुमचे फोटो, पॅनकार्ड, बँकेचे कागद त्याला दिसत नाहीत. कुलूप चांगलंच आहे. आपल्याला त्याची किल्ली कुठे ठेवली ते कोणी सांगितलं नाही, दुखणं तिथे आहे.

किल्ली कुठे शोधायची

इंग्रजीत तिला ‘रिकव्हरी की’ म्हणतात. मी किल्लीच म्हणतो.

एक गोष्ट मनाशी पक्की धरा. विंडोजच्या होम आवृत्तीत हे कुलूप आपोआप लागतं तेव्हा किल्ली आधी एखाद्या ऑनलाइन खात्यात जमा होते, आणि त्यानंतरच कुलूप खऱ्या अर्थाने बसतं. खात्यात किल्ली गेलीच नसेल तर कुलूप अर्धवट राहतं, अडवत नाही. म्हणजे निळा पडदा तुमच्याकडे किल्ली मागतो आहे याचाच अर्थ ती कुठल्या तरी खात्यात पडून आहे. प्रश्न एवढाच, कोणाच्या.

इथे आपल्या भागातली रीत आठवावी लागते. लॅपटॉप घेताना दुकानातला मुलगाच तो सुरू करून देतो. ईमेल विचारतो, नाही म्हटलं तर तिथल्या तिथे नवीन काढतो, पासवर्ड एखाद्या चिठ्ठीवर लिहितो, चिठ्ठी बिलाबरोबर पिशवीत जाते. किंवा घरातलं जे पोरगं त्यातलं जाणतं, त्याच्या जीमेलने खातं उघडतं. मायक्रोसॉफ्टचं खातं जीमेलच्या पत्त्यानेही चालतं आणि नुसत्या मोबाइल नंबरनेही. म्हणून शोधताना ‘माझं खातं’ एवढ्यावर थांबू नका. बिल काढा, खोका काढा, खरेदीच्या दिवशी बरोबर कोण होतं ते आठवा. घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये किती जीमेल आहेत ते बघा.

मग दुसऱ्या कुठल्याही फोनवर एकेका खात्याने मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर आत जा. तिथे डिव्हाइसेस या विभागात तुमचा लॅपटॉप दिसेल, आणि त्याखाली बिटलॉकरच्या किल्ल्या बघण्याची सोय असेल. एकाच खात्यात चार-पाच किल्ल्या असू शकतात, जुन्या मशीनच्याही. गोंधळू नका. निळ्या पडद्यावर ‘की आयडी’ म्हणून अक्षरांची एक ओळ असते. तिची पहिली आठ अक्षरं खात्यातल्या ज्या नोंदीशी जुळतील तीच तुमची किल्ली. फोटो आधी काढून ठेवायला सांगितला तो यासाठी.

मशीनवर विंडोज प्रो असेल आणि बिटलॉकर कोणी हाताने लावलं असेल, तर ते लावताना विंडोजने किल्ली कुठे ठेवू असं विचारलेलं असतं. छापून, पेन ड्राइव्हवर, किंवा फाइल करून. अशा वेळी जुन्या पेन ड्राइव्हमध्ये आणि ईमेलमध्ये ‘बिटलॉकर’ या शब्दाने शोधा. फायलिंगच्या गठ्ठ्यात एखादा छापील कागदही सापडतो. लॅपटॉपला कॉलेजचं किंवा कंपनीचं खातं जोडलेलं असेल तर किल्ली त्या संस्थेच्या आयटी विभागाकडे असते. त्यांना फोन करून की आयडी सांगा, तुमची ओळख पटली की ते किल्ली देतात.

मिलमध्ये असाच एकेका खात्याचा शोध घेतला. मालकांचं खातं उघडलं, रिकामं. मुलाचं उघडलं, त्यात दुसऱ्याच लॅपटॉपची किल्ली. शेवटी दिवाणजींना आठवलं की लॅपटॉप घेतला त्या दिवाळीत त्यांचा भाचा सुट्टीवर आला होता, आणि ‘तुम्ही बसा मामाजी, मी करून देतो’ म्हणत त्यानेच सगळं केलं होतं. भाचा आता हैदराबादला. त्याला फोन लावला. त्याच्या खात्यात नोंद होती, पहिली आठ अक्षरं जुळली. त्याने आकडे वाचायला सुरुवात केली आणि दिवाणजींनी धानाच्या पावतीच्या पाठीमागे लिहून घेतले. टाकून बघितले. चूक.

तेव्हा एक जुनं गणित कामाला आलं. या किल्लीत सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात, आणि प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. आकडे टिपताना चूक झाली तर कळावी म्हणूनच ती तशी केलेली आहे. शाळेतली कसोटी आठवा. एकाआड एक आकड्यांची बेरीज करायची, उरलेल्यांची वेगळी करायची, आणि फरक शून्य किंवा ११ च्या पटीत आला तर भाग जातो. समजा गट आहे ४२६३७१. चार, सहा, सात यांची बेरीज १७. दोन, तीन, एक यांची ६. फरक ११, म्हणजे गट बरोबर. आता सातच्या जागी सहा ऐकू आला आणि ४२६३६१ लिहिलं, तर फरक येतो १०. गट चुकला. आम्ही आठही गट असे तपासले तर पाचव्यात घोटाळा निघाला. भाच्याला फक्त तेवढा पाचवा गट पुन्हा वाचायला लावला.

आणखी एक काळजी आपल्याच लोकांसाठी. किल्ली कागदावर लिहिताना इंग्रजी आकडेच लिहा. मराठी शाळेत शिकलेला हात घाईत १ असा काढतो की दुसऱ्याला तो इंग्रजी नऊ वाटावा. त्यातच काही आकडे मराठी, काही इंग्रजी झाले की वाचणाऱ्याची वाट लागते. शक्य असेल तर फोनवर वाचून न घेता स्क्रीनचा फोटो मागवा, आणि काम झालं की दोन्ही फोनमधून तो पुसा.

किल्ली हातात आल्यावर

मशीन चालू असेल तर आकडे टाकले की विंडोज नेहमीसारखं उघडतं. पण तेवढ्यावर खूश होऊन कामाला लागू नका. आधी डेटा बाहेरच्या डिस्कवर काढा. त्यानंतरही प्रत्येक वेळी किल्ली मागत असेल तर विंडोजमध्ये ‘मॅनेज बिटलॉकर’ शोधून संरक्षण तात्पुरतं थांबवा आणि पुन्हा चालू करा. म्हणजे नवी चिप किल्ली स्वतःकडे घेते.

मशीनच मेलं असेल आणि बोर्डावर खर्च करायचा नसेल, तर डिस्क काढून बाहेरच्या डबीत बसवा. या डबीला बाजारात केसिंग किंवा एन्क्लोजर म्हणतात. घेताना डिस्क बरोबर न्या, कारण नव्या लॅपटॉपमधली चपटी एनव्हीएमई डिस्क आणि जुनी साटा डिस्क यांच्या डब्या वेगळ्या असतात, आणि एम.२ आकाराच्या दोन्ही डिस्क दिसायला सारख्याच असतात. डबी दुसऱ्या विंडोज संगणकाला लावली की डिस्कवर कुलपाचं चित्र दिसतं. त्यावर दोनदा क्लिक करा, जादा पर्यायांत जाऊन रिकव्हरी की टाका. दुसऱ्या संगणकावर होम आवृत्ती असली तरी उघडतं. फोल्डर उघडण्याची परवानगी नाही असं संगणक म्हणाला तर ‘कंटिन्यू’ दाबा आणि थांबा, मोठ्या फोल्डरला वेळ लागतो. विंडोज संगणक मिळाला नाही तर पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या उबुंटूमध्येही हीच किल्ली चालते.

अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये मात्र वेगळी डिस्क नसतेच. ईएमएमसी चिप बोर्डालाच डाग देऊन चिकटवलेली असते. तिथे बोर्ड दुरुस्त करून घेण्यावाचून मार्ग नाही, आणि म्हणून तिथे ‘बोर्ड बदलून टाकतो’ याला हो म्हणू नका. जुना बोर्ड गेला म्हणजे डेटाच गेला. नुसता स्क्रीन फुटला असेल तर काहीच उघडायची गरज नाही. एचडीएमआय केबलने घरच्या टीव्हीला लावा.

फाइली कॉपी करा, कट करू नका. बाहेरची डिस्क एफएटी३२ स्वरूपात असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर जात नाही आणि लग्नाचा व्हिडिओ नेमका तिथे अडतो. ती बाहेरची डिस्क आधी एक्सफॅटमध्ये करून घ्या. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे दोन फोल्डर घेऊन लोक निघून जातात. टॅलीचा डेटा बहुतेक वेळा ‘पब्लिक’ फोल्डरच्या आत असतो, तो राहतो. वनड्राइव्हच्या ज्या फाइलींवर ढगाचं चित्र आहे त्या डिस्कवर नाहीतच, त्या इंटरनेटवरून उतरवाव्या लागतात. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड नुसता फोल्डर उचलून दुसरीकडे चालत नाहीत.

आणि फॉन्ट. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण मराठी माणसाचीच ती अडचण आहे. शाळांचे दाखले, ग्रामपंचायतीचे ठराव, सोसायटीच्या इतिवृत्ताच्या फाइली, नाटकमंडळींच्या संहिता, कितीतरी जुना मजकूर कृतिदेव, श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएममधल्या फॉन्टमध्ये टाइप झालेला आहे. तो युनिकोड नाही. नव्या मशीनवर तो फॉन्ट नसला की मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा कचरा दिसतो. फाइल खराब झाली, व्हायरस लागला असं समजून माणसं ती फेकून देतात. फाइल धडधाकट असते. विंडोजच्या फोल्डरमधला फॉन्ट्स हा फोल्डर आठवणीने कॉपी करा, आणि नव्या मशीनवर तेच फॉन्ट टाका.

शेवटी दोन्हीकडची एकूण साइज जुळवा आणि वेगवेगळ्या फोल्डरमधल्या दहा-पंधरा फाइली उघडून बघा. जुनी डिस्क महिनाभर तरी तशीच ठेवा.

ज्या मशीनवर आपला हक्क नाही

आपल्या जिल्ह्यातली बरीच मुलं पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांत आहेत, आणि सणासुदीला घरी येतात ती कंपनीचा लॅपटॉप घेऊनच. तिरोडा किंवा देवरीच्या घरात बसून काम चालतं. त्यात यूएसबी बंद असतं, पेन ड्राइव्ह लावला तर दिसत नाही. नोकरी सुटायची वेळ आली की प्रश्न येतो, यातले माझे फोटो, माझे कागद कसे काढू?

काढायचे ते मागून. कुठलीही युक्ती मी सांगणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं ४३ वं कलम मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातला डेटा कॉपी करण्याबद्दल आहे, आणि तेच अप्रामाणिक हेतूने केलं तर ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चार फोटोंसाठी ही जोखीम कशाला? आयटी विभागाला साधा ईमेल लिहा. माझ्या खाजगी फाइली अमुक फोल्डरमध्ये आहेत, तुमच्या देखरेखीत काढून द्या. यादी जोडा. बऱ्याच ठिकाणी ते देतात. राजीनाम्याच्या शेवटच्या दिवसाची वाट मात्र बघू नका, त्या दिवशी खातं दुपारीच बंद होतं.

सरकारी कार्यालयांत आणि शाळांत अडचण वेगळी. बदली होते, चार्ज दिला जातो. चार्जच्या यादीत कपाटं असतात, कपाटांच्या किल्ल्या असतात, दप्तर असतं, ‘संगणक संच एक’ असतो. त्या संगणकाची किल्ली नसते. ती गेलेल्या गुरुजींच्या खाजगी जीमेलमध्ये असते, आणि गुरुजी अर्जुनी मोरगावहून सालेकशाला गेलेले असतात. वर्षभराने पडदा निळा होतो तेव्हा कोणालाच काही माहीत नसतं. चार्ज यादीत एक ओळ वाढवा आणि किल्ली छापून बंद पाकिटात कपाटात ठेवा. पाकिटावर मशीनचा अनुक्रमांक आणि की आयडीची आठ अक्षरं लिहिली की पुरे.

माणूस गेल्यावर

हा भाग लिहिताना हात जड होतो. घरातला कर्ता माणूस जातो, लॅपटॉप बंद राहतो, आणि त्यातच पॉलिसीचे कागद, शेतीच्या कर्जाचा हिशेब, मुलांचे लहानपणीचे फोटो असतात. अशा घरी मी पहिली गोष्ट सांगतो ती मोबाइलची. त्यांचं सिम बंद पडू देऊ नका, रिचार्ज चालू ठेवा. खात्याचा पासवर्ड बदलायला ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि नंबर तीन महिने वापरात नसला तर कंपनी तो काढून दुसऱ्याला देऊ शकते. सगळ्या वारसांना विचारून, सगळ्यांसमोर, फक्त लॅपटॉपच्या किल्लीपुरतं ते खातं उघडा. त्या ओटीपीने बँकेच्या व्यवहाराला हात लावू नका. बँकेत नॉमिनीचा आणि वारसाचा रस्ता वेगळा आहे आणि तोच धरायचा असतो.

घरात काहीच सापडलं नाही तर मायक्रोसॉफ्ट न्यायालयाच्या आदेशाशिवाय मृताच्या खात्याचा विचार करत नाही. ॲपलने डिसेंबर २०२१ पासून वारसदार संपर्क नेमण्याची सोय दिली आहे. तो जिवंतपणी नेमलेला असेल तर मृत्यूचा दाखला आणि नेमताना मिळालेली किल्ली दाखवून आयक्लाउडमधला डेटा मिळतो. पण कुलूपबंद मॅकचा पासवर्ड ॲपल काढून देत नाही. मॅकमधल्या फाइलव्हॉल्ट नावाच्या कुलपाची किल्ली चोवीस अक्षरांची असते, चार-चार अक्षरांचे सहा गट. त्या माणसाच्या डायऱ्या बघा, तशी ओळ कुठे लिहिलेली दिसते का.

किल्ली मिळालीच नाही तर

मग ते कुलूप कोणी तोडू शकत नाही. गोंदियात नाही, नागपुरात नाही, मुंबईत नाही. ‘पंधरा हजार आधी द्या, डेटा काढून देतो’ म्हणणारा एक तर बिटलॉकर म्हणजे काय ते जाणत नाही, नाहीतर तुम्हाला फसवतो आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन एकाच दिवशी बंद पडली, विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. दुरुस्तीची रीत त्याच दिवशी कळली होती. तरीही कुलूप लागलेल्या मशीनपुढे मोठमोठ्या कंपन्यांचे इंजिनिअर प्रत्येक मशीनची किल्ली शोधत बसले होते.

डिस्क फेकू नका. कागदात गुंडाळून, वर तारीख आणि की आयडी लिहून कपाटात ठेवा आणि लॅपटॉपला नवी डिस्क घाला. किल्ली सहा महिन्यांनी दिवाळीच्या साफसफाईतही सापडते. तोवर डेटा दुसऱ्या ठिकाणांहून गोळा करा. टॅलीचा मागच्या वर्षीचा बॅकअप सीएकडे असतो. भरलेली विवरणपत्रं जीएसटीच्या पोर्टलवर असतात. पाठवलेल्या फाइली ईमेलच्या ‘सेंट’मध्ये आणि समोरच्याच्या व्हॉट्सॲपवर असतात. आणि पडदा निळा नसून विंडोज नीट उघडतं आहे, पण फाइलींची नावं विचित्र झाली आहेत आणि कोणी पैसे मागतंय, तर तो वेगळाच गुन्हा आहे. इंटरनेट तोडा आणि १९३० वर तक्रार करा.

ज्यांचा लॅपटॉप आज धड चालू आहे त्यांनी हे वाचून झाल्यावर पाच मिनिटं काढावीत. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का ते बघा. असेल तर शोधचौकटीत ‘मॅनेज बिटलॉकर’ टाका आणि किल्लीचा बॅकअप घेऊन छापा. छपाईचं यंत्र नसेल तर ११ ची कसोटी लावत हाताने लिहा. कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. दुरुस्तीला देताना, बायोस अपडेट करताना संरक्षण आधी थांबवा. आणि दुरुस्तीचं काम करणाऱ्या माझ्या भावांना विनंती आहे की टेबलावर मशीन आलं की स्क्रू काढण्याआधी गिऱ्हाइकाला विचारा, किल्ली काढून ठेवली आहे का?

मिलच्या लॅपटॉपवर संध्याकाळी टॅली उघडली. दिवाणजींनी आधी बारदान्याची शिल्लक बघितली, ती वहीशी ताडून पाहिली, मग मालकांना फोन केला. आकडे लिहिलेली ती पावती त्यांनी लॅमिनेट करून आणली आहे. तिजोरीत ट्रकच्या आरसी बुकांबरोबर ठेवली आहे.